कानो, १९९६ : एका साथीचे दोन वारसे

लसीकरणाच्या चर्चेत हल्ली दोन शब्द जोडीने येतात : लसविषमता आणि लससंकोच. पहिल्याचा अर्थ, लस हवी असून न मिळणे. दुसऱ्याचा, लस मिळत असून ती नकोशी वाटणे. अहवालांत या दोहोंची प्रकरणे वेगळी, तज्ज्ञांच्या समित्या वेगळ्या आणि उपायही वेगळे असतात. पहिल्या दुखण्यावर निधी आणि कारखाने, दुसऱ्यावर ‘जनजागृती’. गरीब देशांविषयी बोलताना तर एक सोयीची वाटणी रूढच झाली आहे. पुरवठा कमी पडला तर तो जागतिक अर्थव्यवस्थेचा दोष, आणि माणसांनी लस नाकारली तर तो त्यांच्या अज्ञानाचा, धर्माचा किंवा अफवांचा.

उत्तर नायजेरियातील कानो या शहराचा गेल्या तीन दशकांचा इतिहास या वाटणीत बसत नाही. तेथे १९९६ साली आलेल्या साथीतून दोन गोष्टी जन्माला आल्या. एक होता अविश्वास. त्याची किंमत सात वर्षांनी पोलिओच्या रूपाने अनेक देशांना मोजावी लागली. दुसरी होती एक लस. ती पुण्यात तयार झाली आणि तिच्यासाठी त्याच भूपट्ट्यातील माणसे उन्हात रांगा लावून उभी राहिली. प्रदेश सारखाच असताना लोकांचे वागणे इतके भिन्न का झाले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात त्या साथीपासूनच करावी लागते.

कानो हे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील जुने व्यापारी शहर. भाषा हौसा, धर्म बहुतांशी इस्लाम, आणि ख्याती कातड्याच्या व निळीने रंगवलेल्या कापडाच्या बाजारपेठेची. १९०३ मध्ये इंग्रजांनी ते जिंकून घेतले. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या ज्या भूभागाला वैद्यकशास्त्र ‘मेनिंजायटिस पट्टा’ म्हणते, त्यात हे शहर येते. मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावरील आवरणांचा दाह. हिवाळ्यात सहाराकडून कोरडे, धुळीने भरलेले वारे वाहू लागले की रोग डोके वर काढतो आणि पहिला पाऊस पडला की ओसरतो. ताप चढतो, मान ताठ होते, शुद्ध हरपते. उपचार मिळूनही दहांतला एखादा रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना बहिरेपण किंवा कायमचे अपंगत्व येते.

१९९६ ची साथ त्या पट्ट्याच्या ज्ञात इतिहासातील सर्वांत भीषण साथींपैकी एक होती. एकट्या नायजेरियात एक लाखाहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे १२ हजार मेले. पुढच्या वर्षासह साऱ्या पट्ट्याचा हिशोब केला तर रुग्ण सुमारे अडीच लाख आणि मृत्यू सुमारे २५ हजार भरतात. कानोच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात खाटा कधीच संपल्या होत्या. माणसे आवारात, झाडांखाली, जमिनीवर निजलेली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचे पथक तेथे क्लोरॅम्फेनिकॉल या स्वस्त व परिचित प्रतिजैविकाने उपचार करीत होते.

त्याच आवारात एप्रिल महिन्यात फायझर या अमेरिकन कंपनीचे पथक येऊन दाखल झाले. कंपनीला ट्रोव्हान या नव्या प्रतिजैविकाची मुलांवर चाचणी घ्यायची होती. २०० मुले निवडली गेली. निम्म्यांना ट्रोव्हान, निम्म्यांना तुलनेसाठी सेफ्ट्रायॅक्सोन. पहिल्या गटातील पाच आणि दुसऱ्या गटातील सहा मुले दगावली; आणखी काहींना बहिरेपण, अंधत्व किंवा लुळेपणा आला. काही आठवड्यांत पथक परत गेले. साथ अजून सुरूच होती.

येथे आकड्यांबाबत सावध राहायला हवे. साथीत जितकी माणसे मरत होती त्या मानाने या २०० मुलांमधील मृत्यूंचे प्रमाण जास्त नव्हते, आणि कंपनीने आपल्या बचावात नेमके हेच मांडले. पालकांची तोंडी संमती घेतली होती, सरकारला कल्पना होती, असेही तिचे म्हणणे राहिले. पण वादाचा मुद्दा मृत्यूंची संख्या हा नव्हताच. आपले मूल एका प्रयोगाचा भाग आहे आणि शेजारच्याच तंबूत प्रस्थापित औषध फुकट मिळते आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही, ही पालकांची तक्रार होती. चाचणीला रुग्णालयाच्या नीतिसमितीची मान्यता असल्याचे जे पत्र दाखवले गेले, त्याच्या तारखेच्या वेळी तशी समितीच अस्तित्वात नव्हती, हे पुढे उघड झाले. डिसेंबर २००० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हे प्रकरण जगापुढे आणले. नायजेरियन सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने चाचणी बेकायदा ठरवली. तिचा अहवाल मात्र कित्येक वर्षे दडून राहिला आणि २००६ मध्ये फुटला. २००९ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. पहिल्या चार कुटुंबांच्या हाती पैसे पडले ते २०११ मध्ये, म्हणजे साथीनंतर पंधरा वर्षांनी.

या तारखांच्या मधोमध पोलिओचे प्रकरण येते.

२००३ च्या उन्हाळ्यात कानो, कादुना, झाम्फारा इत्यादी उत्तरेकडील राज्यांत पोलिओच्या थेंबांविरुद्ध मोहीम उभी राहिली. थेंबांमध्ये मुलींना वांझ करणारी संप्रेरके आहेत, एचआयव्ही आहे, मुसलमानांची संख्या घटवण्याचा हा अमेरिकन कट आहे, असे सांगितले जाऊ लागले. सांगणारा कोणी अडाणी मांत्रिक नव्हता. या मोहिमेच्या अग्रभागी असलेले दत्ती अहमद हे कानोतील डॉक्टर होते आणि नायजेरियाच्या शरिया परिषदेचे प्रमुखही. कानो राज्याने लसीकरण थांबवले आणि ते जवळजवळ अकरा महिने थांबलेलेच राहिले.

या बहिष्काराची कारणे एका अफवेत कोंबता येत नाहीत. त्याच वर्षी इराकवर अमेरिकेने हल्ला केला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. दक्षिणेचे ख्रिस्ती ओबासान्जो जिंकले होते, उत्तरेचे मुस्लिम बुहारी हरले होते, आणि कानोत बुहारींच्या पक्षाचे शेकाराऊ गव्हर्नर झाले होते. केंद्राचा कार्यक्रम अडवणे हे राजकीयदृष्ट्या लाभाचे होते. दर स्त्रीमागे चार मुलांची मर्यादा सुचवणारे १९८८ चे लोकसंख्या धोरणही लोक विसरले नव्हते. आणि ट्रोव्हान खटल्याच्या बातम्या तर ताज्याच होत्या. ‘पांढऱ्या लोकांची औषधे आमच्या मुलांवर’ या वाक्याला कानोत प्रत्यक्ष घडलेल्या घटनेचा आधार होता. अफवेला असा एक खरा खिळा मिळाला की बाकीचे सारे त्यावर टांगता येते.

तरीही सर्वांत महत्त्वाचे कारण याहून साधे आणि कमी नाट्यमय होते. झारियाच्या परिसरात अनेक वर्षे संशोधन केलेल्या एलिशा रेन यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांच्या लेखनात ते वारंवार येते. लोक एक प्रश्न विचारत होते : मूल तापाने फणफणले तर सरकारी दवाखान्यात औषध नसते, गोवराने मुले मरतात तेव्हा कोणी फिरकत नाही, बाळंतपणाला दाई मिळत नाही; मग हे दोन थेंब मात्र फुकट, घरपोच आणि पुन्हा पुन्हा का? या प्रश्नामागे अज्ञान नव्हते, हिशोब होता. २००३ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात नायजेरियातील जेमतेम १३ टक्के बालकांना सर्व मूलभूत लशी मिळालेल्या आढळल्या. वायव्य विभागात, ज्यात कानो येते, हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होते. २००५ च्या पहिल्या काही महिन्यांतच उत्तरेत गोवराने शेकडो मुलांचा बळी घेतला. पोलिओ त्या मानाने विरळा रोग. तो जगातून नाहीसा करणे ही जिनिव्हाची निकड होती. कानोतील आईची निकड मलेरिया आणि गोवर ही होती. जी व्यवस्था एरवी दारात येत नाही ती एका ठरावीक रोगासाठी मात्र दर महिन्याला दार ठोठावते, तेव्हा घरातल्यांना संशय यावा यात नवल नाही. (१८९७ च्या प्लेगमधील घरझडत्यांविषयी वाचलेल्या मराठी वाचकाला दारावरच्या थापेचे हे वजन समजावून सांगण्याची गरज नसावी.)

म्हणजेच, ज्याला नंतर ‘संकोच’ म्हटले गेले तो मुळात आरोग्यसेवेच्या विषमतेविषयी काढलेला निष्कर्ष होता. निष्कर्ष चुकीचा होता, आणि त्याचे परिणाम भयंकर झाले. ट्रोव्हानचा दाखला देऊन हा बहिष्कार क्षम्य ठरवणारे लेखन आजकाल बरेच दिसते. ते त्या मुलांना विसरते जी आज कानोच्या चौकांत हातांवर शरीर रेटत भीक मागतात. नेत्यांनी स्वतःच्या राजकारणासाठी हा संशय वापरला, वाढवला आणि वेळ येताच सोडून दिला. जुलै २००४ मध्ये इंडोनेशियातील बायोफार्मा या कंपनीची, म्हणजे एका मुस्लिमबहुल देशातील लस स्वीकारून कानोने मोहीम पुन्हा सुरू केली आणि गव्हर्नरांनी स्वतःच्या मुलीला जाहीरपणे थेंब पाजले. तोवर नायजेरियातला विषाणू सुमारे २० पोलिओमुक्त देशांत पसरण्याच्या वाटेवर होता. त्यांपैकी एक देश इंडोनेशियाच निघाला. २००५ मध्ये तेथे दहा वर्षांनंतर पोलिओ परतला, ३०० च्या आसपास मुले लुळी झाली, आणि साथीची सुरुवात झाली ती पश्चिम जावामध्ये. कानोला लस पाठवणारी बायोफार्मा त्याच प्रांतातल्या बांडुंगची. नायजेरियात २००६ मध्ये पोलिओचे १,१०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. तेथील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडायला २०१६ साल उजाडले.

अशा आठवणी किती काळ टिकतात, याचे एक मोजमाप मध्य आफ्रिकेत झालेले आहे. फ्रेंचांनी वसाहतकाळात कॅमेरून व आसपासच्या प्रदेशांत निद्रारोगाविरुद्ध सक्तीच्या मोहिमा काढल्या; गावेच्या गावे रांगेत उभी करून लोमिडीनची इंजेक्शने दिली गेली. ते औषध पुढे निरुपयोगी आणि धोकादायक ठरले. सारा लोव्ह्ज आणि एदुआर्दो मोन्तेरो या अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी आजच्या सर्वेक्षणांशी जुळवून पाहिल्या, तेव्हा ज्या भागांत या मोहिमा अधिक काळ चालल्या तेथे आजही मुलांचे लसीकरण कमी आणि साध्या रक्ततपासणीला नकार जास्त असल्याचे आढळले. पाकिस्तानात तर इतिहासाची एवढी प्रतीक्षाही करावी लागली नाही. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी सीआयएने अबोटाबादमध्ये हिपॅटायटिस-बी लसीकरणाचा बहाणा वापरला, हे उघड झाले. पुढच्याच वर्षी वझिरीस्तानात पोलिओ लसीकरणावर बंदी आली आणि लसीकरण करणाऱ्या स्त्रियांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण होते. लसीकरण मोहिमांचा असा वापर यापुढे करणार नाही, असे व्हाइट हाउसने त्याच वर्षी जाहीर केले. गावोगाव अफवा म्हणून हिणवली गेलेली गोष्ट निदान एकदा तरी अक्षरशः खरी होती, याची ती कबुली होती.

आता दुसऱ्या वारशाकडे.

१९९६ च्या साथीनंतर आफ्रिकन आरोग्यमंत्र्यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे जे मागितले ते सरळ होते : साथ आल्यावर नव्हे, साथ येण्याआधी उपयोगी पडेल अशी लस. त्या वेळी उपलब्ध असलेली जुनी लस दोन वर्षांखालील मुलांवर जवळजवळ निष्प्रभ होती आणि मोठ्यांतही तिचा प्रभाव दोन-तीन वर्षांत ओसरे. संयुग्मित लशीचे, म्हणजे जंतूच्या शर्करेला प्रथिनाची जोड देऊन बनवलेल्या लशीचे तंत्र ज्ञात होते. ब्रिटनने त्याच तंत्राची मेनिंजायटिस-सी विरुद्धची लस १९९९ मध्ये आपल्या मुलांना द्यायला सुरुवातही केली. आफ्रिकेत मारणारा जंतू मात्र ‘ए’ गटाचा होता. त्याविरुद्धच्या संयुग्मित लशीवर काही कंपन्यांनी नव्वदच्या दशकात काम आरंभले होते. पण रोग गरिबांचा, म्हणजे बाजारपेठ नाही, म्हणून ते सोडून दिले गेले. लसविषमतेचे याहून उघडे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. तंत्र होते, रोगी होते, ग्राहक नव्हता.

२००१ मध्ये बिल गेट्स यांच्या संस्थेच्या सात कोटी डॉलरच्या देणगीतून पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी ‘मेनिंजायटिस व्हॅक्सीन प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याचे प्रमुख मार्क लाफोर्स यांनी आफ्रिकन अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या, तेव्हा त्यांनी लशीच्या शास्त्राविषयी बोलण्याआधी किमतीविषयी बोलायला सुरुवात केली. डोस पन्नास सेंटपेक्षा महाग असेल तर ती लस आमच्यासाठी नसल्यासारखीच आहे, असा त्यांचा रोख होता. ही अट बड्या कंपन्यांना मानवली नाही. मग जुळवाजुळव वेगळ्या रीतीने झाली. शर्करेचा कच्चा माल नेदरलँड्समधील एका छोट्या कंपनीकडून, जोडणीचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांकडून, आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. सीरमचे तंत्रज्ञ अमेरिकेत जाऊन ते तंत्र शिकून आले. किंमत ठरली सुमारे ४० सेंट. भारतात हा रोग त्या स्वरूपात नाही. ही लस पुण्यात बनली ती मुळातच आफ्रिकेसाठी.

चाचण्यांची तऱ्हाही कानोच्या तुलनेत पाहण्यासारखी आहे. मालीतील बामाको आणि गाम्बियातील बास येथे, स्थानिक संशोधन केंद्रांमार्फत, साथ नसताना, गावातल्या लोकांशी आधी बोलून त्या झाल्या. नाव ठेवले मेनआफ्रिव्हॅक. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू येथे मोहिमेचा प्रारंभ झाला आणि अवघ्या दहा दिवसांत त्या देशातील एक ते २९ वर्षे वयाच्या सुमारे एक कोटी लोकांनी सुई टोचून घेतली. मुले, तरुण, कडेवर बाळे घेतलेल्या आया, सगळे. पुढच्या वर्षी मोहीम उत्तर नायजेरियात पोचली. २०१२ पासून ही लस चार दिवसांपर्यंत बर्फाविना, ४० अंश तापमानात नेण्यास मान्यता मिळाली, त्यामुळे शीतपेट्या न पोचणाऱ्या गावांतही ती जाऊ शकली, आधी बेनिनमध्ये. ज्या भागाला ‘लससंकोचाचे आगर’ म्हणून ओळखले जाई, त्याच भागात रांगा लागल्या.

हे यश निष्कलंक नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये चाडमधील गुरो या गावात लस घेतल्यानंतर सुमारे ४० मुले आजारी पडली, अफवा उठल्या, चौकशी बसली. लशीत दोष आढळला नाही. पोलिओच्या इतिहासाकडे पाहता येथेही मोहीम कोसळायला हवी होती. ती कोसळली नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही : मेनिंजायटिस म्हणजे काय हे त्या पट्ट्यातील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक होते. घरात, निदान गल्लीत कोणी ना कोणी मेलेले किंवा बहिरे झालेले होते. ही लस बाहेरच्यांच्या उद्दिष्टासाठी आलेली नव्हती. ती मागितलेली होती. ३० कोटींहून अधिक लोकांना ती दिली गेली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा एकही रुग्ण प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नाही.

कोविडच्या काळात हे सर्व पुन्हा घडले, अधिक वेगाने आणि अधिक क्रूरपणे. येथेही पुणे मध्यभागी आहे. गरीब देशांसाठी उभारलेल्या कोव्हॅक्स योजनेची मुख्य भिस्त सीरमच्या कोव्हिशील्डवर होती. २ मार्च २०२१ रोजी नायजेरियाला मिळालेले ३९ लाख डोस पुण्याचेच होते. त्याच महिन्याच्या अखेरीस भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. प्राणवायूसाठी धावाधाव करणाऱ्या देशाने लस बाहेर पाठवावी अशी अपेक्षा कोणी करू शकत नव्हते. दोष द्यायचाच तर एका कंपनीवर निम्म्या जगाची मदार ठेवणाऱ्या योजनेला आणि स्वतःच्या लोकसंख्येच्या कित्येक पट डोस आधीच राखून ठेवणाऱ्या श्रीमंत देशांना द्यावा लागेल. नायजेरियाने निम्मे डोस वापरून झाले की पहिला डोस देणे थांबवा, असा आदेश काढला; दुसरा कधी येईल याची शाश्वती नव्हती. दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कुप्या युरोपला रवाना होत होत्या. जुलैमध्ये युरोपीय संघाने प्रवासासाठी जे डिजिटल प्रमाणपत्र आणले त्यात कोव्हिशील्डला स्थान नव्हते. मूळ लस तीच, कारखाना वेगळा. जी लस घ्या म्हणून आफ्रिकेला सांगितले जात होते, ती घेतलेल्या माणसाला युरोपच्या दारात मात्र लस न घेतलेला मानले जाण्याची शक्यता होती. आफ्रिकन रोगनियंत्रण केंद्राने याला आक्षेप घेतला, तेव्हा त्यात लोकांच्या विश्वासाचाही प्रश्न होता.

मलावीची गोष्ट यापुढे लहानशी वाटते, पण ती सांगायला हवी. आफ्रिकी संघामार्फत तेथे २६ मार्चला एक लाख दोन हजार डोस पोचले. मुदत संपत होती १३ एप्रिलला. अठरा दिवसांत शक्य तितके टोचले गेले आणि उरलेले १९,६१० डोस १९ मे रोजी राजधानी लिलोंग्वेतील रुग्णालयाच्या भट्टीत जाळण्यात आले, तेही जाहीरपणे. कालबाह्य लस लपून टोचली जाईल ही लोकांची भीती घालवण्यासाठी. डिसेंबरमध्ये नायजेरियाने अबुजाजवळ दहा लाखांहून अधिक कालबाह्य डोस नष्ट केले. अनेक देणग्या मुदत संपायला काही आठवडे उरलेले असतानाच आल्या होत्या. या धुराची छायाचित्रे जगभर गेली आणि मथळ्यांत शब्द आला : संकोच.

वस्तुस्थिती काय होती? जून २०२० ते जानेवारी २०२१ या काळात आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील दहा अल्प व मध्यम उत्पन्न देशांत झालेल्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे लस घेण्याची तयारी सरासरी ८० टक्के लोकांनी दाखवली होती. तुलनेसाठी घेतलेल्या अमेरिकेत सुमारे ६५ आणि रशियात ३० टक्क्यांनी. म्हणजे लस नव्हती तेव्हा इच्छा होती. २०२१ संपताना अल्प उत्पन्न देशांतील दहा टक्के लोकांनाही एक डोस मिळालेला नव्हता. २०२२ मध्ये पुरवठा आला, तेव्हा साथीची भीती ओसरली होती, तरुणांनी नातेवाईक पुरलेही होते आणि कित्येकांना संसर्ग होऊन गेला होता. उशिरा आलेल्या लशीला मिळालेला थंड प्रतिसाद हा स्वभावदोष म्हणून नोंदवणे, हे इतिहासाचे वाचन नव्हे, हिशोबाची लपवाछपवी आहे.

मेनिंजायटिसचे पुढे काय झाले, हेही पाहावे. मेनआफ्रिव्हॅक फक्त ‘ए’ गटावर चालते. २०१७ मध्ये ‘सी’ गटाची साथ वायव्य नायजेरियात, मुख्यतः झाम्फारा आणि सोकोतो राज्यांत उसळली. १,१०० हून अधिक माणसे मेली. ‘सी’ची लस श्रीमंत देशांत अठरा वर्षे जुनी झालेली, येथे मात्र साठा अपुरा. झाम्फाराच्या गव्हर्नरांनी ही साथ पापाची शिक्षा असल्याचे म्हटले आणि त्यावरून देशभर त्यांची टर उडवली गेली. त्यांचे विधान हास्यास्पदच होते. पण लशीच्या टंचाईवर त्याच्या निम्मीही चर्चा झाली नाही.

पाच गटांवर एकत्र चालणारी लस पुण्यातच, सीरम आणि पाथ यांच्या भागीदारीत तयार झाली. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता जुलै २०२३ मध्ये मिळाली आणि ती वापरणारा जगातला पहिला देश नायजेरिया ठरला. २५ मार्च २०२४ रोजी दहा लाखांहून अधिक लोकांसाठीची ती मोहीम सुरू झाली. साथ आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून सात राज्यांत चालू होती. त्यांत झाम्फारा होते आणि १९९१ पर्यंत कानोचाच भाग असलेले जिगावाही. ११ मार्चपर्यंतच्या नोंदींनुसार १,७४२ संशयित रुग्ण आणि १५३ मृत्यू झालेले होते. पहिला पाऊस यायला फार दिवस उरले नव्हते.